स्वयंपाकघरातील उपकरणे आणि आग: सोसायटीच्या परिपत्रकात नेमके काय लिहावे?

परळकर

नमस्कार. आमची इमारत परळ भागातील, १९७४ साली बांधलेली, चार मजली आणि बिनलिफ्टची आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरील एका घरात ओट्याच्या वर असलेल्या विजेच्या बोर्डाने पेट घेतला. बोर्डावर इंडक्शन शेगडी चालू होती आणि त्याच वेळी चहासाठी किटलीही लावलेली होती. घरातील सूनबाईंनी प्रसंगावधान राखून दाराजवळचा मुख्य स्विच आधी बंद केला, म्हणून बोर्ड, काही टाइल्स आणि वरचे लाकडी कपाट एवढ्यावरच निभावले.

दुसऱ्या दिवशी वायरमनने बोर्ड खोलला तेव्हा मी तिथे उभा होतो. सॉकेटच्या एकाच भोकाभोवतीचे प्लॅस्टिक वितळून आतली पितळी पट्टी काळीनिळी पडली होती, तिला धरणारा स्क्रू बोटाने फिरत होता आणि त्या स्क्रूखालच्या तारेचे वेष्टण बोटभर लांबीपर्यंत जळून त्याची राख झाली होती. शेजारच्या भोकाला मात्र काहीही झालेले नव्हते. दोन्ही उपकरणे नवी होती आणि आजही ती उत्तम चालतात.

सोसायटीचा सचिव या नात्याने मला सर्व सभासदांसाठी एक परिपत्रक काढायचे आहे. समितीतील काही जणांचे मत असे आहे की जुन्या इमारतीत इंडक्शनवर सरसकट बंदी घालावी. काहींना वाटते की सभासदाच्या स्वयंपाकघरात डोकावण्याचा सोसायटीला अधिकारच नाही. मला स्वतःला दोन्ही टोके पटत नाहीत. या विषयातील जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

तारजोडणी

परळकर, आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की कारण त्यातच दिसते. मी विद्युत अभियंता आहे आणि जुन्या इमारतींच्या वायरिंगची तपासणी हे माझे रोजचे काम आहे.

२००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर प्रवाह घेते. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर घेते. दोन्ही मिळून पंधरा अँपिअरच्या वर जातात. १९७४ मधील स्वयंपाकघराची वायरिंग एक दिवा, एक पंखा आणि फार तर मिक्सर एवढ्याच हिशोबाने केलेली असते, आणि अनेक ठिकाणी ती ॲल्युमिनियमची असते. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता दुप्पट नव्हे तर चौपट होते, हे लक्षात घेतले तर ओट्यावर उपकरणे वाढवताना त्यामागची तार तीच राहणे किती घातक आहे ते कळेल.

मात्र आपल्याकडील आगीचे थेट कारण मला तो फिरणारा स्क्रू वाटतो. सैल जोडणीत धातूचा धातूशी संपर्क अगदी छोट्या जागेपुरता उरतो, तिथे रोध वाढतो आणि सगळी उष्णता त्याच एका बिंदूवर साठते. पुष्कळ जणांना वाटते की एमसीबी, म्हणजे आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, बसवला म्हणजे चिंता मिटली. एमसीबी अतिप्रवाह आणि शॉर्टसर्किट ओळखतो. सैल जोडणीतून प्रवाह नेहमीइतकाच जात असल्यामुळे ती त्याला दिसतच नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा दुसरा सुरक्षा स्विच जमिनीकडे होणारी विजेची गळती ओळखून वीज तोडतो आणि तो प्रत्येक घरात असायलाच हवा, पण सैल स्क्रूपुढे तोही बहुधा गप्प राहतो. म्हणून पिन काढताना ती हाताला गरम लागणे, सॉकेट पिवळट किंवा काळे पडणे, बोर्डातून चरचर ऐकू येणे, माशासारखा किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येणे, यांपैकी काहीही आढळले तर तो बोर्ड त्याच क्षणी वापरातून काढावा.

दहिसरनाका

आमच्याकडे एमसीबी वारंवार पडत होता, म्हणून वायरमनने सोळाच्या जागी बत्तीसचा बसवून दिला. तेव्हापासून पडलेला नाही. हे योग्य आहे का?

तारजोडणी

दहिसरनाका, हे अत्यंत धोकादायक आहे आणि कृपया आजच जुन्या क्षमतेचा एमसीबी परत बसवून घ्या. एमसीबीची क्षमता मागच्या तारेवरून ठरते. तार बारीक आणि एमसीबी मोठा असेल, तर एमसीबी पडण्याआधी भिंतीतली तार तापून जळेल. तो पडत होता याचा अर्थ तो आपले काम चोख करत होता. आधी भार कमी करा किंवा मग तार बदला. इंडक्शन, ओव्हन, गीझर यांच्या सोळा अँपिअरच्या प्रत्येक सॉकेटसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, किमान २.५ आणि शक्यतो ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढावी, आणि तिला तिच्या क्षमतेचा वेगळा एमसीबी द्यावा.

मोठी पिन लहान सॉकेटात बसवण्यासाठी जे कन्व्हर्टर मिळतात, ते स्वयंपाकघरातून कायमचे हद्दपार करावेत. उपकरणाला जाड पिन दिली जाते ती त्याचा प्रवाह जास्त असतो म्हणूनच. सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर मायक्रोवेव्ह चालवणेही त्यातलेच.

मुलुंडची_अन्नपूर्णा

वरील माहिती फार मोलाची आहे, परंतु चर्चा पूर्णपणे विजेकडे वळू नये असे मनापासून वाटते. आमच्या सोसायटीत गेल्या काही वर्षांत जे प्रसंग घडले ते सगळे गॅसवर ठेवलेल्या तेलामुळे घडले, आणि तेही दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत. चकलीचा घाणा काढायचा, फोन वाजला म्हणून बाहेर जायचे आणि कढई तशीच मोठ्या आचेवर राहायची, असे फार सहज घडते.

तळणाचे तेल साधारण १८० अंश सेल्सिअसला तयार होते. रिफाइंड तेल २३० च्या आसपास धुरावू लागते, आणि तसेच तापत राहून ३५० अंशांच्या पुढे गेले की ज्वाळेचा स्पर्श न होताही पेट घेते. धुरावलेले तेल ही स्पष्ट सूचना असते. त्या क्षणी गॅस बंद केला तर पुढचे काहीच होत नाही. आपल्या स्वयंपाकात फोडणीसाठी तेल कडकडीत तापवण्याची सवय असल्यामुळे थोडा धूर आपल्याला नेहमीचाच वाटतो, आणि नेमके तिथेच दुर्लक्ष होते.

परिपत्रकात पहिले वाक्य असे असावे: तळण चालू असताना ओटा सोडू नये, सोडावाच लागला तर गॅस बंद करून जावे. ओट्यावर कढईच्या मापाचे सपाट झाकण हाताशी असावे. आणि शेगडीच्या वर, हात पुढे करून गाठाव्या लागतील अशा फळीवर मसाल्याचे डबे ठेवू नयेत, कारण पदराला किंवा गाऊनच्या बाहीला झळ लागते ती तिथेच. स्वयंपाक करताना नायलॉनपेक्षा सुती कपडे कधीही बरे.

निवृत्तजवान

अन्नपूर्णाताईंशी मी पूर्ण सहमत आहे. अग्निशमन सेवेत आयुष्य गेले, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पेटलेल्या तेलावर पाणी टाकणे ही सर्वांत मोठी चूक असते आणि ती घाबरलेला माणूस हमखास करतो. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते थेट तळाशी जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असते. ती वाफ पेटते तेल घेऊनच वर उसळते आणि ज्वाळा छताला भिडते. कढईतली आग कढईतच संपवायची असते. गॅसचे बटण हाताला लागत असेल तर ते बंद करावे, झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवत ठेवावे आणि कढई पूर्ण निवेपर्यंत ते उचलू नये, कारण तेल अजून तापलेले असते आणि हवा मिळताच ते पुन्हा पेटते. पेटलेली कढई उचलून मोरीकडे किंवा गॅलरीकडे धावू नये. मी पाहिलेल्या भाजण्याच्या घटनांत हातापायांच्या जखमा बहुतेक अशाच झालेल्या होत्या.

मायक्रोवेव्ह किंवा ओव्हनच्या आत काही पेटले तर दार उघडू नये. पिन काढावी किंवा मुख्य स्विच बंद करावा. दार बंद राहिले तर आतली आग हवेअभावी विझते.

घरात अग्निशामक ठेवायचा असेल तर एबीसी पावडरचा लहान सिलिंडर विजेच्या आणि सर्वसाधारण आगीसाठी चांगला, मात्र तो कढईवर जवळून मारला तर दाबाने तेल उडू शकते. तेलासाठी वेट केमिकल (द्रव रसायनाचा) प्रकार किंवा अग्निरोधक चादर योग्य. तो शेगडीच्या वर टांगू नका, स्वयंपाकघराच्या दाराजवळ लावा, आणि दाबदर्शकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते अधूनमधून पाहत जा.

आग कढईबाहेर पसरली तर विझवत बसू नये. सर्वांना बाहेर काढावे, स्वयंपाकघराचे दार ओढून घ्यावे, आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. पत्ता सांगताना जवळची खूण आणि गाडी कोणत्या फाटकातून आत येईल तेही सांगावे. जिन्यात ठेवलेली चपलांची कपाटे, जुन्या सायकली आणि रिकामी सिलिंडरे यांच्यामुळे जवानांचे किती मौल्यवान क्षण वाया जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

चिंचपोकळी_चाळ

आमच्या चाळीत अजून पाइपचा गॅस आलेला नाही, सगळ्यांकडे १४.२ किलोची सिलिंडरेच आहेत. आमचा प्रश्न उंदरांचा आहे. ओट्याखाली अंधारात गॅसची नळी असते आणि तिला तेलकट वास लागलेला असतो. शेजारच्या खोलीतील काकूंना सकाळी दार उघडताच वास आला. त्यांनी दिवा लावला नाही, काडी ओढली नाही, आधी रेग्युलेटर बंद केला आणि खिडकी उघडली. नंतर नळी बाहेर काढून पाहिली तर खालच्या बाजूला दातांच्या बारीक खुणांची ओळ होती आणि एका ठिकाणी आरपार छिद्र होते.

त्यानंतर आम्ही मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांत तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी बसवून घेतली. ती पाच वर्षांनी बदलावी लागते, आणि ती कोणत्या वर्षाची आहे हे तिच्यावरच छापलेले असते. रात्री झोपताना रेग्युलेटरचा खटका बंद करायची सवय आता लहान मुलांनाही लागली आहे.

रेणू_वाशीनाका

वास आल्यावर दिवा का लावू नये याचे कारण कोणी सविस्तर सांगेल का? आणि आधीच चालू असलेला पंखा बंद करावा की नाही?

निवृत्तजवान

कोणतेही बटण दाबू नये, चालू करण्यासाठीही नाही आणि बंद करण्यासाठीही नाही. दोन्ही वेळा बटणाच्या आत बारीक ठिणगी पडते. हवेत एलपीजीचे प्रमाण साधारण दोन ते नऊ टक्के असले की तेवढी ठिणगी स्फोटाला पुरते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली आणि पलंगाखाली साचतो, म्हणून खिडकीबरोबर दारही उघडावे आणि सुपडीने किंवा पुठ्ठ्याने जमिनीवरची हवा बाहेर लोटावी. विजेचा मुख्य स्विच घराबाहेर जिन्यात असेल तरच तो बंद करावा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

याच कारणाने सिलिंडर फ्रिजला चिकटून ठेवू नये. फ्रिजचा कॉम्प्रेसर रात्री आपोआप चालू-बंद होतो आणि त्या वेळी घरातले सगळे झोपलेले असतात.

गोरेगाव_२२वा_मजला

आमच्याकडे पाइपचा नैसर्गिक गॅस आहे आणि तो सुरक्षित असल्याचे सांगून आम्हाला जमिनीजवळ बसवायचा गॅस डिटेक्टर विकण्यात आला. निवृत्तजवान यांचे उत्तर वाचून शंका आली.

तारजोडणी

आपली शंका रास्त आहे. पाइपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो आणि तो हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो. त्यामुळे त्याचा डिटेक्टर छताजवळ हवा. जमिनीजवळचा फक्त एलपीजीसाठी. डिटेक्टर त्या विशिष्ट गॅससाठी बनवलेला आहे का, हेही त्याच्या वेष्टनावर तपासा. नैसर्गिक गॅस हलका आहे ही जमेची बाजू खरी, पण बंद खोलीत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान तोही स्फोटक असतो. घराबाहेर जाताना शेगडीमागचा कॉक बंद करावा.

आणखी एक गोष्ट: स्वयंपाकघरात धूर ओळखणारा डिटेक्टर लावला तर मिरचीच्या फोडणीला तो रोज ओरडेल आणि आठवडाभरात घरचे लोक त्याची बॅटरी काढून ठेवतील. तिथे उष्णता ओळखणारा डिटेक्टर लावावा आणि धुराचा बाहेरच्या खोलीत.

माहीमची_सारिका

चिमणीचा विषय अजून कोणी काढलेला नाही. आमच्याकडे मासे तळणे वारंवार होते. चिमणीच्या जाळीवर आणि त्यामागच्या नळकांड्यात तेलाचा चिकट थर साचतो, आणि खाली कढईतून उठलेली ज्वाळा पंख्याने वर ओढली गेली तर तो थर पेटतो. नळकांड्यातली आग बाहेरून दिसत नाही आणि ती छतातल्या लाकडी कामापर्यंत जाते. तळण रोजचे असेल तर जाळी दर पंधरवड्याला गरम पाणी आणि सोड्याने धुवावी. स्वतः साफ होणारी म्हणून घेतलेल्या चिमणीतही तेल गोळा करणारी वाटी असते आणि ती माणसानेच रिकामी करावी लागते. ओट्यावर ज्वाळा उठलीच तर चिमणीचा पंखा चालू ठेवू नये.

ठाकुरद्वार

सर्व मुद्दे मान्य करूनही माझे मत बंदीच्याच बाजूने आहे. जुन्या इमारतीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत, जिना लाकडी आहे, आणि एका घराच्या निष्काळजीपणाची किंमत सगळ्या मजल्याने मोजावी, हे न्याय्य नाही. इंडक्शनशिवाय स्वयंपाक होत नाही असे थोडेच आहे? ज्यांना नवी वायरिंग परवडत नाही त्यांनी मोठी उपकरणे वापरू नयेत.

मुलुंडची_अन्नपूर्णा

ठाकुरद्वार, तुमची काळजी मी समजू शकते, पण बंदीने उपकरण घराबाहेर जाणार नाही. ते कपाटात जाईल, रात्री निघेल आणि बेडरूममधल्या एखाद्या एक्स्टेंशन बोर्डावर लागेल, जिथे कोणाचे लक्ष नसेल. माझी आई ऐंशीच्या पुढची असून एकटी राहते. तिला गॅस बंद करण्याचे लक्षात राहत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम तिला इंडक्शन घेऊन दिले. भांडे उचलले की ते तापवणे थांबवते आणि ठरवलेल्या वेळी आपोआप बंद होते. तिच्या घरी त्यासाठी वेगळी तार ओढून घेतली. तिच्यासारख्यांना बंदीमुळे पुन्हा ज्योतीकडे ढकलणे मला धोक्याचे वाटते.

तारजोडणी

मी दोघांच्या मधला मार्ग सुचवतो. परळकर यांच्या इमारतीत जळाले ते सॉकेट; उपकरण शाबूत राहिले. उद्या त्या जागी टोस्टर आणि ओव्हन असते तरी तेच झाले असते. सोसायटीने उपकरणाऐवजी जोडणीवर अट घालावी: १००० वॅटच्या वरचे उपकरण फक्त स्वतंत्र सोळा अँपिअरच्या सॉकेटवर, आणि एका सॉकेटवर एकच उपकरण. प्रत्येक घराच्या वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो आणि प्रत्यक्षातली उपकरणे यांची तुलना केली की कोणत्या घरांना भार वाढवून घ्यावा लागेल ते चटकन समजते. तसेच मुख्य पॅनेल आणि मजल्यांवर जाणाऱ्या उभ्या तारा ही सोसायटीची जबाबदारी आहे. तिथे न्यूट्रलची, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या तारेची, जोडणी सुटली तर काही घरांत २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्ट जाऊ शकतात, आणि मग सर्वांत आधी फ्रिज, स्टॅबिलायझर, मायक्रोवेव्ह यांसारखी सतत जोडलेली उपकरणे जळतात. सभासदांना नियम सांगण्याआधी समितीने हे पॅनेल परवानाधारक कंत्राटदाराकडून तपासून घ्यावे.

ठाकुरद्वार

जोडणीवर अट आणि तिची लेखी तपासणी होणार असेल, तर माझा बंदीचा आग्रह नाही. तपासणीशिवाय मात्र ही अट कागदावरच राहील.

गोरेगाव_२२वा_मजला

त्याला दुजोरा देतो. आमच्यासारख्या उंच इमारतींना महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावे लागते. पण त्यात पंप, पाण्याच्या नळ्या, फवारे अशा अग्निशमन यंत्रणा पाहिल्या जातात. कोणाच्या ओट्यावरचा सैल स्क्रू त्यात सापडत नाही. घरातली तपासणी आपणच करून घ्यावी लागते.

परळकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री समितीची बैठक झाली आणि हा धागा तिथे वाचून दाखवला.

बंदीचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. तारजोडणी यांनी सुचवलेली सॉकेटची अट परिपत्रकात जशीच्या तशी येईल. मुख्य पॅनेलची तपासणी सोसायटीच्या खर्चाने आधी होईल आणि त्यानंतर तोच कंत्राटदार प्रत्येक घरातील स्वयंपाकघराचे बोर्ड खोलून स्क्रू आवळेल, तारेची जाडी आणि एमसीबीची क्षमता एका कागदावर लिहून देईल. ज्यांना नवी तार ओढणे परवडणार नाही अशा दोन घरांचा खर्च दुरुस्ती निधीतून करावा की नाही, यावर बराच वाद झाला. मी तो करावा याच बाजूचा आहे, कारण त्या घरांच्या वर आणि खाली आपण सगळेच राहतो. त्याचा निर्णय सर्वसाधारण सभेत होईल.

परिपत्रकाचे पहिले वाक्य अन्नपूर्णाताईंचे असेल. गळती आणि पेटलेले तेल यांविषयी निवृत्तजवान यांनी लिहिलेले आम्ही मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक घराला देणार आहोत. १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात अनेक अग्निशमन जवान कामी आले होते. त्या आठवड्यात आवारात प्रात्यक्षिक ठेवावे असा विचार आहे. निवृत्तजवान, आपण येऊ शकाल का?

निवृत्तजवान

अवश्य येईन. फक्त एक विनंती आहे. प्रात्यक्षिक रविवारी संध्याकाळी ठेवू नका. तेव्हा समितीचे पदाधिकारी आणि निवृत्त मंडळी येतात, पण अनेक घरांत ओट्यापाशी दिवसभर उभ्या असतात त्या स्वयंपाकाच्या मावशी तेव्हा तिथे नसतात. मुख्य स्विच कुठे आहे, तो कोणत्या बाजूला पाडायचा, गॅसचा कॉक कोणता, हे त्यांना प्रत्येक घरात प्रत्यक्ष हात लावून दाखवायला हवे.

परळकर

योग्य सूचना. आमच्याकडे बहुतेक मावशी सकाळी अकराच्या सुमारास एका घरातून दुसऱ्या घरात जातात. मंगळवारी अकरा वाजता खालच्या पटांगणात ठेवतो, आणि त्या दिवशी त्यांना अर्धा तास उशीर झाला तर चालेल, असे परिपत्रकातच लिहितो.